बियाणं बोगस नव्हतं : राळेगाव तालुक्यातल्या एका कपाशीच्या वावराचं प्रकरण

वावर साडेचार एकरांचं, काळ्या मातीचं, कोरडवाहू. जून २०१७ च्या शेवटी त्यात बीजी-२ ची, म्हणजे बोंडअळी मारणारी दोन बीटी प्रथिनं बनवणारी, संकरित कपाशी लागली. पाऊस मधे दोनदा ताणून बसला, तरी झाडं कमरेच्या वर गेली, पाती-फुलं भरपूर धरली आणि दिवाळीच्या आसपासचा पहिला वेचा ठीक निघाला. दुसऱ्या वेच्याला वेचणाऱ्या बायांनीच आधी तक्रार केली. बोंड नीट उमलत नव्हतं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आत पिवळट डाग, सरकी पोखरलेली. असल्या कवडीला, म्हणजे किडक्या कापसाला, किलोमागे नेहमीची मजुरी कोणाला परवडणार? हिरवं बोंड फोडलं की आत पांढरट-गुलाबी अळी (गुलाबी बोंडअळी), आणि बाहेरून बघावं तर बोंडाला छिद्रही दिसत नाही.

शेतकरी माझ्या गावचे, शेजारच्या धुऱ्याचे. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात, मी त्यांना काका. नोव्हेंबरच्या मध्यात ते घरी आले तेव्हा हातात बियाण्याची रिकामी पाकिटं, दुकानाची पावती आणि कोऱ्या जी फॉर्मची झेरॉक्स होती. कापूस बियाण्याबद्दल तक्रार करायची तर २००९ च्या राज्याच्या कायद्याखाली हाच फॉर्म भरावा लागतो.

"मास्तर, पाकिटावर बीटी लिवलं हाये, अन् अळी आतमंधी बसून सरकी खाऊन राह्यली. बोगस बियाणं नाई तं काय म्हनाव याले?"

कंपनी कुठली, दुकान कुठलं, ते इथं लिहीत नाही. पुढे दिसेल की त्याने निष्कर्षात काही फरक पडत नाही. त्या हंगामात अशी वावरं यवतमाळ जिल्ह्यातच नाही, वर्ध्यापासून बुलढाण्यापर्यंत पसरली होती. मी हे एकच प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण बारावीच्या पुस्तकात डीएनएपासून प्रथिन कसं बनतं याचा जो धडा आहे, तो सगळाच्या सगळा या एका वावरात उभा होता, आणि तोही दोनदा: एकदा कपाशीच्या पेशीत, एकदा अळीच्या आतड्यात.

तीन शंका

काकांचं म्हणणं होतं की बियाण्यात बीटीचं जनुकच नाही, साधी सरकी रंगवून पाकिटात भरली. दुकानदार त्यांना सांगत होता की बियाणं चांगलं आहे, पण पाण्याचा ताण बसला, खत वेळेवर पडलं नाही, म्हणून झाडात 'बीटी उतरलं नाही'. दुकानदाराची भाषा ढोबळ होती, पण शंका अगदीच खुळी नव्हती. जनुक असणं आणि त्या जनुकाचं प्रथिन बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी शक्यता तेव्हा गावात कोणी बोलत नव्हतं: जनुक आहे, प्रथिनही बनतंय, पण अळीला त्याचं काही वाटेनासं झालंय.

माझा एक जुना विद्यार्थी कृषी पदवीधर आहे, शेतीसल्ल्याचं काम करतो. त्याच्याकडे बीटी तपासायच्या पट्ट्या होत्या. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं वावरात गेलो.

पट्टीचं काम बघण्यासारखं असतं. झाडाच्या शेंड्याकडचं, नुकतं पूर्ण उमललेलं पान घ्यायचं. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीचं झाकण पानावर दाबून बंद केलं की पानाची गोल चकती कापून नळीत पडते. त्यात थोडं द्रावण टाकायचं आणि प्लास्टिकच्या काडीने चकती रगडायची. हिरवं पाणी झालं की पट्टी त्यात उभी करायची. पाणी पट्टीतून वर चढतं आणि दहा मिनिटांत लालसर रेषा उमटतात. सगळ्यात वरची रेषा पट्टी चालू आहे एवढंच सांगते. तिच्या खालची एक रेषा क्राय१एसी या बीटी प्रथिनाची, दुसरी क्राय२एबीची. पट्टीवर चिकटवलेली प्रतिपिंडं नेमक्या त्याच प्रथिनांना धरतात. पट्टीला डीएनए दिसत नाही, तिला फक्त तयार झालेलं प्रथिन दिसतं.

म्हणून आमच्या कामाला ती फार सोयीची. रेषा उमटली तर त्याचा अर्थ जनुक झाडात आहे, ते वाचलं जातंय आणि त्याचं प्रथिनही बनतंय, म्हणजे पहिल्या दोन्ही शंकांचं उत्तर एकाच पट्टीत मिळतं.

वावराच्या चारी कोपऱ्यांतली आणि मधली पानं घेतली. प्रत्येक पट्टीवर दोन्ही रेषा ठळक उमटल्या. काकांनी एक पट्टी उन्हाकडे धरून बराच वेळ बघितली. "मंग हे हाये म्हनता?" हो काका, आहे. दुकानदार जिंकला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण दुकानदारही पूर्ण बरोबर नव्हता. त्यासाठी आधी हे प्रथिन कपाशीत येतं कसं ते बघावं लागतं.

मातीतल्या जिवाणूची ओळ, कपाशीच्या पेशीत

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत राहणारा जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाटा यांनी रेशमाच्या मेलेल्या किड्यांत तो शोधला, १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठाच्या पतंगाच्या अळीत सापडला आणि प्रांतावरून त्याला नाव मिळालं. बीटी हे त्याच नावाचं लघुरूप. हा जिवाणू आपल्या पेशीत प्रथिनाचे स्फटिक साठवतो, आणि ते काही जातींच्या अळ्यांच्या पोटात गेले की अळी मरते. अशा स्फटिकी प्रथिनांना क्राय म्हणतात. क्राय१एसी हे त्यातलं एक.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लं वीस प्रकारची. क्राय१एसीच्या साखळीत ती ११७८ असतात, ठरलेल्या क्रमाने. तो क्रम डीएनएत लिहिलेला असतो, चारच अक्षरांत: ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक गट एका अमिनो आम्लासाठी. चार अक्षरांपासून तीनचे गट ६४ होतात. त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी, उरलेले तीन 'थांब' म्हणून. म्हणजे ११७८ अमिनो आम्लांसाठी ३५३४ अक्षरं, आणि शेवटी एक थांब.

ही भाषा उलगडायला १९६१ साली सुरुवात झाली. नीरेनबर्ग आणि मथाई यांनी जिवाणूच्या पेशी फोडून त्यांच्या रसात यू-यू-यू-यू असं एकाच अक्षराचं आरएनए, म्हणजे डीएनएवरून निघते तशी नक्कल, टाकलं, तेव्हा फेनिलॲलॅनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. आरएनएत टीच्या जागी यू असतो, म्हणून यूयूयू म्हणजे फेनिलॲलॅनिन. पुढच्या काही वर्षांत हरगोविंद खोराना आणि इतरांनी बाकीचे गट लावले. १९६८ चं नोबेल नीरेनबर्ग, खोराना आणि हॉली यांना मिळालं. या कामातून पुढे आलेली मोठी गोष्ट अशी की ही भाषा जिवाणूत, कपाशीत, अळीत आणि काकांत जवळपास एकच आहे. एरवी मातीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत घालून काही उपयोगच झाला नसता.

पण भाषा एक असली तरी वाचणारं घर वेगळं. जिवाणूला केंद्रक नसतं. डीएनएवरून आरएनए निघत असतानाच त्याच्यावर रायबोसोम चढतात आणि प्रथिन विणायला लागतात. कपाशीच्या पेशीत डीएनए केंद्रकात बंद असतो आणि रायबोसोम बाहेर, पेशीद्रवात. मूळ सातबारा रेकॉर्डमध्ये राहतो आणि कामाला त्याची नक्कल फिरते, तसं इथं संदेशवाहक आरएनएची नक्कल केंद्रकाबाहेर जाते. बाहेर जाण्याआधी ती छाटली जाते, तिला टोकाला शेपूट जोडलं जातं.

मूळ जिवाणूचं जनुक वनस्पतीत जसंच्या तसं टाकलं तेव्हा प्रथिन जेमतेम बनलं. जिवाणूच्या जनुकात ए आणि टी फार. वनस्पतीच्या केंद्रकाला त्यात भलत्याच ठिकाणी 'इथं कापा', 'इथं संपवा' अशा खुणा दिसत आणि नक्कल अर्धवट राही. त्यावर १९९१ साली प्रसिद्ध झालेला उपाय मला आजही शिकवताना सगळ्यात जास्त आवडतो. अर्थ तोच ठेवून शब्दलेखन बदललं. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक गट चालतात, ल्यूसिनला तर सहा. मग जिथं जिवाणूने ए-टी वापरले तिथं त्याच अमिनो आम्लाचा जी-सी असलेला गट लिहायचा. प्रथिन तेच, अमिनो आम्लांचा क्रम तोच, पण वनस्पतीला वाचायला सोपं. प्रथिनाचं प्रमाण त्याने शंभर पटींपर्यंत वाढलं. ज्याला आपण 'जिवाणूचं जनुक' म्हणतो ते कपाशीत आहे ते असं, प्रयोगशाळेत नव्याने लिहिलेलं.

जनुकाच्या आधी एक चालू करणारा तुकडा लागतो. तो फुलकोबीच्या एका विषाणूकडून घेतलेला आहे, ३५एस नावाचा. मूळ उद्देश असा की पानात, पात्यात, मुळात, बोंडात, सगळीकडे आणि सतत हे जनुक चालू राहावं.

बीजी-१ म्हणजे फक्त क्राय१एसी असलेली कपाशी भारतात मार्च २००२ मध्ये मंजूर झाली, दोन प्रथिनांची बीजी-२ २००६ मध्ये. काकांनी दोन्ही लावल्या. पहिली दहाएक वर्षं चांगली गेली हे तेही मान्य करतात. त्याआधी अमेरिकन बोंडअळीने, म्हणजे दुसऱ्या जातीच्या बोंडअळीने, त्यांच्या वावराचं जे केलं होतं, ते त्यांना चांगलं आठवतं.

पानात ठळक, बोंडात फिकट

त्या रविवारी पानं तपासून आम्ही थांबलो नाही. हिरव्या बोंडांची साल सोलून ती रगडली. तिथं क्राय१एसीची रेषा आली, पण फिकट. एका पट्टीवर तर नीट निरखून बघावी लागली. पट्टी मोजमापाचं साधन नाही, फिकट-ठळक यावरून आकडा काढता येत नाही. पण हे मोजून झालेलं आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं होतं की क्राय१एसी पानात सगळ्यात जास्त, बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात सगळ्यात कमी असतं. आणि पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते इतकं उतरतं की बोंडअळीला मारायला लागणाऱ्या पातळीच्या खाली जातं.

जनुक तर प्रत्येक पेशीत तेच. मग असं का? डीएनए असला म्हणजे प्रथिन आलंच असं नसतं. नक्कल किती निघते, ती किती टिकते, रायबोसोमला अमिनो आम्लं पुरतात का, बनलेलं प्रथिन किती वेगाने मोडतं, हे सगळं पेशीच्या वयावर आणि ती कुठली आहे यावर ठरतं. वाढतं कोवळं पान प्रथिनं बनवण्यात पटाईत. पिकू लागलेल्या बोंडाच्या सालीला ते काम राहिलेलं नसतं. ताण, पाणी साचणं, नत्राची कमतरता यांनीही उत्पादन खाली येतं, म्हणून दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य होतं. तोट्याचं सगळं खापर खतावर फोडण्याइतकं मात्र नव्हतं. आमच्या तपासणीच्या दिवशी पीक १४० दिवसांच्या पुढे होतं. गुलाबी बोंडअळी पानं खात नाही. ती फुलात शिरते (तिने पाकळ्या आतून बांधून टाकलेल्या फुलाला आपण डोमकळी म्हणतो), मग बोंडात, मग सरकीत. झाडाचा जो भाग प्रथिनात सगळ्यात कमकुवत, नेमका तोच तिचा संसार.

सरकीची गोष्ट आणखी पुढची आहे, आणि माझ्या मते भारतातल्या या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथंच आहे.

भारतात बीटी कपाशी जवळजवळ सगळी संकरित. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून पाकिटातलं बी बनतं, आणि बीटीचं जनुक साधारणपणे एकाच बाजूच्या वाणातून येतं. म्हणजे वावरात उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाच्या पेशीत क्राय१एसीची एकच प्रत असते, दुसऱ्या गुणसूत्रावर ती जागा रिकामी. झाडाला एक प्रत पुरते, म्हणून पानांच्या पट्ट्या ठळक. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. कपाशीत परागण बहुतेक आपल्या आपल्यातच होतं. एक प्रत असलेल्या झाडाच्या निम्म्या परागात जनुक, निम्म्यात नाही. निम्म्या बीजांडांत आहे, निम्म्यांत नाही. हिशेब मेंडेलचाच: चारातल्या एका सरकीत क्राय१एसी अजिबात नाही. क्राय२एबीचंही तसंच, आणि दोन्ही जनुकं स्वतंत्र वाटली गेली तर सोळातल्या एका सरकीत दोन्ही नाहीत.

आम्ही एका बोंडातल्या सरक्या रुईतून काढल्या, वरचं टरफल सोललं (ते आईच्या झाडाचं, त्यामुळे त्यात प्रथिन असतंच) आणि आतला गर एकेक करून तपासला. बहुतेक सरक्यांत दोन्ही रेषा आल्या, काहींत एकच, आणि एका सरकीत एकही नाही. काका तिथं बांधावर बसून होते. त्यांनी ती पट्टी बाजूला काढली: "म्हंजे एकाच बोंडात बीटीबी हाये अन् नॉनबीटीबी हाये?" अगदी तसंच. एकाच बोंडात अळी विषाच्या सरकीतून बिनविषाच्या सरकीत जाऊ शकते. थोडं खाऊन थोडं वाचून, अर्धवट सहनशील अळ्यांना मोठं व्हायला याहून चांगली जागा नाही.

बाहेरच्या बहुतेक कापूस उत्पादक देशांत बीटी सरळ वाणांत आहे, दोन्ही प्रती असलेली. तिथं प्रत्येक सरकीत प्रथिन असतं. अमेरिकेने बीटी कपाशी, वांझ पतंग सोडणं आणि इतर उपाय एकत्र वापरून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. प्रथिन तेच, कीड तीच, आणि आपल्याकडे २०१७.

अळीने काय गमावलं

आता तिसरी शंका. क्राय१एसी अळीच्या पोटात गेल्यावर काय होतं? अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथं साखळी विरघळते, तिथली पाचकद्रव्यं तिचा जवळपास अर्धा भाग छाटून टाकतात आणि उरलेला तुकडा विषारी होतो. तो आतड्याच्या पेशीवर असलेल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. त्यातून पुढे पेशीच्या पटलाला भोकं पडतात, आतडं फुटतं, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि असे पकडणारे रेणू नसतात, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही.

कॅडेरिन हेही प्रथिनच. तेही अळीच्या डीएनएत लिहिलेलं, तसंच नक्कल होऊन, तसंच छाटून, रायबोसोमवर बनलेलं. अळीच्या जनुकात मधे मधे निरुपयोगी मजकूर असतो. नक्कल निघाल्यावर तो कापून कामाचे तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. हा जोड जरा चुकला तर दोन गोष्टी होतात: मधला मोठा तुकडा गळतो, किंवा तीन-तीनचं गणित सरकून कुठंतरी अवेळी 'थांब' येतो आणि साखळी तिथंच तुटते.

२०१४ साली भारतातल्या बीटी-प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॅडेरिन जनुकाची आठ बिघडलेली रूपं सापडली आणि त्यांच्यापासून निघालेल्या नकला मोजल्या तर एकोणीस प्रकारच्या. प्रत्येकीत एक तर अवेळी 'थांब', नाहीतर किमान ९९ अक्षरं गायब, किंवा दोन्ही. आठातल्या सात रूपांच्या नकला दोन किंवा अधिक तऱ्हांनी छाटल्या जात होत्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अमेरिकेतल्या गुलाबी बोंडअळ्यांत असे प्रकार आधी दिसले होते. भारतातली विविधता मात्र थक्क करणारी होती. क्राय२एबीसाठी वेगळं प्रथिन कारणीभूत, एबीसीए२ नावाचं वाहक प्रथिन, आणि त्याच्याही नकलेची छाटणी चुकल्याचं २०१८ मध्ये दिसून आलं.

अळीने काही नवं अस्त्र मिळवलं नाही. तिच्या पेशी एक प्रथिन नीट बनवू शकत नव्हत्या, आणि त्या अपयशामुळेच ती वाचली. कपाशीत प्रथिन बनत होतं, अळीत बनत नव्हतं. विष चिकटायला जागाच उरली नाही.

असा बिघाड बहुधा दोन्ही प्रतींत असेल तरच अळी पूर्ण वाचते. एक प्रत चांगली असेल तर थोडं तरी कॅडेरिन बनतं आणि भरपूर विष असलेल्या झाडावर ती मरते. बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन बीटी सरकीची वेगळी पुडी यायची ती यासाठी: बांधाकडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, साध्या कपाशीचं. तिथं साधे पतंग वाढतील, प्रतिकारक पतंगांशी जुळतील, आणि पिल्लांत एक प्रत चांगली येईल. काकांच्या घरी ती पुडी माळ्यावर न उघडलेली निघाली. गावात बहुतेकांकडे तशीच होती. पाच ओळी अळीला खायला द्यायच्या, त्यातही त्या पुडीतलं बी कित्येकदा नीट उगवत नाही. कोरडवाहू साडेचार एकरवाल्याने हे का करावं, याचं पटेल असं उत्तर कोणी त्याला दिलं नव्हतं.

तूर-हरभरा खाणाऱ्या अमेरिकन बोंडअळीसाठी शेजारची तुरीची तासं आपोआप असा आसरा बनतात. म्हणून तिच्यावर बीटी अजून बऱ्यापैकी चालतं. गुलाबी बोंडअळी कपाशीशिवाय दुसऱ्या पिकाकडे फारशी जात नाही. तिला आसरा द्यायचा तर कपाशीचाच द्यावा लागतो. वरून आपली दीर्घ मुदतीची वाणं, पाणी असलेल्यांची मार्चपर्यंतची फरदड (वेचणी झाल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक), आणि चुलीसाठी कुडाला टेकवून रचलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं), जिच्यावरच्या वाळक्या बोंडांत अळी उन्हाळाभर झोपून राहते.

गुजरातेत क्राय१एसीला प्रतिकार असल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं. ती सूचना आपल्याकडे किती गांभीर्याने घेतली गेली, ते २०१७ ने सांगितलं.

वावरात पुढे काय झालं

काकांना फवारणी करायची होती. मी आणि माझा विद्यार्थी दोघांनीही नको म्हटलं. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत बोंडात घुसते आणि तिच्यामागे छिद्र बुजतं, फवारा आत पोचत नाही. शिवाय त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते, घराघरांत भीती होती. काकूंनीच शेवटी पंप कुलपात ठेवला.

डिसेंबरअखेर पीक काढून टाकलं. जनावरं सोडून उरलेली हिरवी बोंडं खाऊ दिली, पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून मातीत घातली. घराशेजारचा जुना ढीग जाळताना काकूंची कुरकुर झाली, जळण कुठून आणायचं म्हणून, आणि ती कुरकुर रास्त होती.

जी फॉर्म त्यांनी भरलाच. तालुक्याच्या चौकशीत बियाण्यात दोन्ही प्रथिनं असल्याचं निघालं आणि बियाणं प्रमाणित ठरलं. यात खोटं काही नाही. पण त्या नमुन्यात प्रश्न बियाण्याचा आहे, आणि त्या वर्षी बिघाड अळीत होता. बोंडातल्या बिनविषाच्या सरक्यांची गोष्ट तर कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि माझ्या मते कंपन्यांना विचारायचा प्रश्न तोच होता: संकरित वाणांतच हे जनुक का विकलं?

मे महिन्यात काका पुन्हा आले. पाकिटाचे पैसे वाचवायचे होते. पहिल्या वेच्यातली निरोगी सरकी घरी राखून ठेवली होती, ती लावली तर चालेल का?

मी कागदावर मांडून दिलं. तीच सरकी, तोच चारात एकाचा हिशेब: एक चतुर्थांश झाडं क्राय१एसीविना उगवणार, वरून संकराचा जोम गेलेला, कुठलं झाड बुटकं तर कुठलं उंच. नागपूरच्या संस्थेने क्राय१एसीची सरळ वाणं काढली आहेत, त्यांची सरकी घरी राखता येते आणि प्रत्येक सरकीत जनुक असतं, हेही सांगितलं. पण एकट्या क्राय१एसीला गुलाबी अळी आधीच जुमानत नाही, ती वाणं अमेरिकन अळीपुरती कामाची आणि लवकर निघतात हा फायदा.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. २०१८ च्या खरिपात दोन एकर तूर-सोयाबीन लावलं, अडीच एकरांत कमी दिवसांची कपाशी, तीही चांगला पाऊस पडल्यावर, धूळपेरणी न करता. पीक दीड महिन्याचं झाल्यावर कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) टांगले आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचं काम नातवाकडे दिलं. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की मला फोन करायचा, असं ठरलं. फोन सप्टेंबरच्या मध्यात आला.